धडधड थांबली तरी गोळी थांबवायची नसते: एएफ असेल तर स्ट्रोक कसा टाळायचा

"आता धडधड होत नाही, ईसीजी पण नॉर्मल आला, मग ही रक्त पातळ करायची गोळी कशाला चालू ठेवायची?" एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आमच्याही घरात आला आणि त्याचं उत्तर आम्ही आमचंच देऊन टाकलं, डॉक्टरांना विचारलंच नाही. बाबांची गोळी अडीच महिने बंद होती. मग एका सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, उजव्या हाताची बोटं ऐकेनात, बोलताना जीभ जड झालेली. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं आणि ते म्हणाले काही नाही, झोप नीट झाली नव्हती. आम्ही तरी नेलं त्यांना, आणि नेलं हे बरं केलं, कारण तो टीआयए होता म्हणजे स्ट्रोकची आधी आलेली सूचना, गुठळी अडकली आणि नशिबाने विरघळली. त्यानंतर मी या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, ते इथे लिहितेय. ज्यांच्या घरी एएफ आहे त्यांनी सावकाश वाचा, आणि औषध बदलायचं, थांबवायचं किंवा चालू करायचं ते मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

आधी हे समजून घ्या की एएफ हा हृदयाचा आजार असून त्याचा सगळ्यात मोठा फटका मेंदूला का बसतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे एरवी छान आवळतात आणि रक्त खाली ढकलतात, एएफमध्ये ते आवळत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवी जोडलेली असते, डॉक्टर तिला लेफ्ट एट्रियल अपेंडेज म्हणतात, त्या पिशवीत रक्त फिरत नाही, साचून राहतं आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ज्यांच्या हृदयाच्या झडपा ठीक आहेत अशा एएफच्या लोकांमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास गुठळ्या याच पिशवीत सापडतात. ती गुठळी सुटली की रक्ताबरोबर वर जाते आणि मेंदूची रक्तवाहिनी बंद करते. एएफमुळे स्ट्रोकचा धोका साधारण 5 पट होतो, आणि गुठळी मोठी असल्यामुळे हे स्ट्रोक बाकीच्यांपेक्षा जास्त गंभीर असतात, माणूस वाचला तरी अंथरुणाला खिळण्याची शक्यता जास्त.

आता खरा मुद्दा. तुम्हाला धडधड जाणवते की नाही याचा आणि गुठळी होण्याचा संबंध फार कमी आहे. कितीतरी लोकांना एएफ असतो आणि काहीच जाणवत नाही, कितीतरी जणांचा एएफ येतो-जातो, आज आहे उद्या नाही, त्यांनाही धोका असतोच. ठोके नियमित करायची औषधं चालू असतील किंवा शॉक देऊन ठोके लाईनवर आणले असतील, तरीही धोका आपोआप संपत नाही. 2002 मध्ये अ‍ॅफर्म नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात ठोके ताब्यात ठेवलेल्या लोकांनाही स्ट्रोक झाले आणि बहुतेक स्ट्रोक अशांना झाले ज्यांनी वॉरफरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) बंद केलं होतं किंवा ज्यांचं रक्त पुरेसं पातळ नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला, अगदी आमचीच गोष्ट होती ती. म्हणजे दोन औषधं, दोन वेगळी कामं असं डोक्यात पक्कं बसवा. ठोक्यांची गोळी बरं वाटण्यासाठी, रक्त पातळ करायची गोळी गुठळी होऊ नये म्हणून. पहिलीचा परिणाम तुम्हाला कळतो, दुसरीचा कधीच कळत नाही, आणि न कळणं हेच तिचं काम नीट चालू असल्याचं लक्षण आहे.

एएफ आहे का हे आधी बघा

वय 65 च्या पुढे असेल, बीपी-शुगर असेल, तर अधूनमधून नाडी बघायची सवय लावा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटं ठेवा, निवांत बसून निदान 30 सेकंद ठोके मोजा. नुसती संख्या बघू नका, लय बघा. अधेमधे एखादा ठोका चुकणं अनेकांना असतं, पण एएफमध्ये लयच सापडत नाही, दोन ठोके जवळ, मग मोठी गॅप, मग तीन पटापट, कशाचा कशाला मेळ नाही. घरचं बीपी मशीन बऱ्याचदा अनियमित ठोक्यांचं चिन्ह दाखवतं, ते चिन्ह वारंवार येत असेल तर मशीन बिघडलं असेल म्हणून सोडून देऊ नका. स्मार्टवॉचने इशारा दिला तर तो पण डॉक्टरांना दाखवा, पण निदान पक्कं होतं ते ईसीजीवरच. दवाखान्यात जाईपर्यंत ठोके नीट झाले आणि ईसीजी स्वच्छ आला असं पण होतं, मग होल्टर (ठोके सतत नोंदवत राहणारं छोटं यंत्र) लावतात, 24 तास किंवा जास्त दिवस. एक स्वच्छ ईसीजी म्हणजे एएफ नाहीच असं धरून चालू नका. आणि थायरॉईडची रक्त तपासणी राहिली असेल तर करून घ्या, थायरॉईड जास्त काम करत असेल तर त्यानेही एएफ होतो.

तुमचा धोका किती, हे मोजता येतं

डॉक्टर यासाठी चॅड्स-व्हॅस्क नावाचा स्कोअर काढतात, तो घरी पण काढता येतो, अवघड काही नाही. हार्ट फेल्युअर असेल तर 1, बीपी असेल तर 1 (गोळीने कंट्रोलमध्ये असलं तरी 1, हे बरेच जण विसरतात), डायबेटिस 1, आधी हार्ट अटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर 1, वय 65 ते 74 असेल तर 1 आणि 75 किंवा त्यापुढे 2, आधी स्ट्रोक किंवा टीआयए झाला असेल तर सरळ 2. आधी स्त्री असण्याचा 1 वेगळा धरायचे, युरोपच्या 2024 च्या गाईडलाईनमध्ये तो काढून टाकलाय, म्हणून दोन डॉक्टरांचा आकडा एकाने वेगळा आला तर गोंधळू नका. स्त्रीचा गुण न धरता 2 किंवा जास्त आला तर रक्त पातळ करायची गोळी घ्यायलाच सांगतात, 1 आला तर बसून बोलून ठरवतात, 0 आला तर सहसा गरज नसते.

उदाहरण घ्या, 68 वर्षांच्या बाई, बीपी आहे, शुगर आहे, बाकी चालत्या-फिरत्या, कधी आजारी पडल्या नाहीत. वयाचा 1, बीपीचा 1, शुगरचा 1, झाले 3. त्यांना स्वतःला वाटतं मला काय झालंय, आणि स्कोअर म्हणतो गोळी पाहिजे. हा स्कोअर एकदा काढून विसरायचा पण नाही. वय वाढतं, नवीन आजार जोडले जातात, आज ज्याचा 0 आहे त्याचा चार वर्षांनी 2 होऊ शकतो, दर वर्षी एकदा डॉक्टरांना परत विचारा.

झडपेचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा

कुठली गोळी हे ठरवण्याआधी एक गोष्ट कळणं गरजेचं आहे, हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलीये का किंवा मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बरीच आकुंचन पावली आहे का (लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने असं होतं). असं असेल तर रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्या (डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान वगैरे) चालत नाहीत, वॉरफरिन किंवा त्याच्यासारखी ॲसिनोकुमारॉलच लागते. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान वापरून बघितलं होतं, त्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्राव पण, तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या एएफच्या लोकांमध्ये रिव्हारोक्साबान विरुद्ध वॉरफरिनसारख्या गोळ्या अशी तुलना 2022 मध्ये आली, तिथेही जुन्या गोळ्याच सरस ठरल्या. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला नसेल तर तो करून घ्या आणि रिपोर्ट फाईलमध्ये वर ठेवा, आणि ओळखीतल्या कोणीतरी अमुक नवीन गोळी चांगली असं सांगितलं म्हणून वॉरफरिन सोडून तिच्यावर उडी मारू नका.

झडप ठीक असेल तर हल्ली आधी नव्या गोळ्याच देतात, त्या चार आहेत, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अ‍ॅपिक्साबान आणि एडोक्साबान. 2009 ते 2013 या काळात त्यांचे मोठे अभ्यास आले, सगळ्या स्ट्रोक टाळण्यात वॉरफरिनच्या बरोबरीच्या किंवा सरस निघाल्या आणि मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी झाला, जो सगळ्यांच्या मनातला खरा भीतीचा विषय असतो. वॉरफरिन पण काही कमी नाही, नीट घेतलं तर स्ट्रोक जवळजवळ दोन तृतीयांशने कमी करतं, फक्त त्याला सांभाळावं लागतं.

ॲस्पिरिनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना" असं विचारलं की बरेच जण हो म्हणतात आणि दाखवतात ॲस्पिरिन. एएफच्या गुठळीवर ॲस्पिरिन फार कमी काम करतं आणि रक्तस्रावाचा धोका मात्र देतंच. 2011 मध्ये अ‍ॅपिक्साबान आणि ॲस्पिरिन यांची थेट तुलना झाली, वॉरफरिन ज्यांना जमत नव्हतं अशा लोकांमध्ये, अ‍ॅपिक्साबानवर स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच होता. म्हणजे "वय झालंय, जोरदार गोळी नको, साधी ॲस्पिरिन असू दे" या बोलण्यात काळजी आहे पण संरक्षण नाही. ज्यांना स्टेंट टाकलाय त्यांचं वेगळं, त्यांना काही काळ दोन्ही लागतात, पण ते कायमचं नसतं, सहसा वर्षभरानंतर नुसती रक्त पातळ करायची गोळी पुरते. म्हणून स्टेंटवाल्यांनी दर भेटीत विचारा, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (स्टेंटसाठी दिलेली तशीच गोळी) कधी बंद करायचं, तारीख लिहून घ्या, नाहीतर जुन्या प्रिस्क्रिप्शनवर वर्षानुवर्षं तेच चालू राहतं.

गोळी घेण्याची खरी कला

सगळं ठरल्यावर उरतं ते रोजचं काम आणि स्ट्रोक टळतो तो इथेच. नवीन गोळ्या दोन-चार तासांत काम सुरू करतात, आणि तितक्याच लवकर उतरतात पण, साधारण बारा तासांत अंगातलं औषध निम्म्यावर येतं. म्हणजे एक दिवस गोळी नाही घेतली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही जवळजवळ उघड्यावर आहात. बीपीची गोळी एखाद दिवस राहिली तर चालून जातं ही सवय इथे लावू नका.

डॅबिगॅट्रान आणि अ‍ॅपिक्साबान दिवसातून दोनदा, रिव्हारोक्साबान आणि एडोक्साबान एकदा. एकदाची गोळी लक्षात ठेवायला सोपी, पण तीच चुकली की पूर्ण दिवसाचं संरक्षण जातं, आपल्या माणसाचा स्वभाव बघून डॉक्टरांशी बोला. रिव्हारोक्साबानची 15 किंवा 20 मिलीग्रामची गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली तर औषध कमी शोषलं जातं, आणि ही गोष्ट कितीतरी जणांना कोणी सांगितलेलीच नसते. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, आतली पूड काढून घेतली तर औषध एकदम जास्त अंगात जातं, आणि ती तिच्या मूळ पॅकिंगमध्येच ठेवायची, ओल लागली की खराब होते, म्हणून आठवड्याच्या डबीत ती काढून ठेवू नका. ग्लासभर पाण्यासोबत घ्या, जळजळ होते काहींना, झाली तर सांगा, दुसरी गोळी आहे, पण जळजळ होते म्हणून परस्पर बंद नको.

गोळी राहिलीच तर काय करायचं? दोनदाची गोळी असेल तर सहा तासांच्या आत आठवलं तर घ्या, एकदाची असेल तर बारा तासांच्या आत, त्याहून उशीर झाला तर ती सोडा आणि पुढची वेळेवर. दोन गोळ्या एकत्र घेऊन भरपाई करायची नाही. घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर दोनदावाल्यांनी ती सोडून पुढची वेळेवर घ्यायची, एकदावाल्यांनी धोका जास्त असेल तर घ्यायला सांगतात, हे आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा म्हणजे रात्री अकरा वाजता वाद होत नाहीत. आमच्याकडे बाबांच्या फोनला दोन अलार्म आहेत, आणि गोळी घेतली की स्ट्रिपवर त्या दिवसाची तारीख पेनाने लिहितो, इतकं साधं, पण तेव्हापासून एकही गोळी चुकली नाही. स्ट्रिप संपायला आठ-दहा दिवस राहिले की नवीन आणायची, प्रवासाला जाताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात नाही.

डोस कमी करून घेण्याचा मोह पण टाळा. "अर्धी घेऊ, कमी पातळ होईल" असं नसतं. कमी डोस द्यायचे नियम ठरलेले आहेत, जसं अ‍ॅपिक्साबानला वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) 1.5 किंवा जास्त, यातल्या दोन गोष्टी असतील तरच 5 ऐवजी 2.5 मिलीग्राम. कारण नसताना डोस कमी केला तर गुठळीपासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. आणि हे सगळे डोस किडनीवर अवलंबून, म्हणून क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासायचंच, वय 75 च्या पुढे असेल किंवा किडनी आधीच कमजोर असेल तर जास्त वेळा. डॉक्टर एक सोपा हिशोब वापरतात, किडनीचा क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा) 60 च्या खाली असेल तर त्या आकड्याला 10 ने भागा, जितकं येईल तितक्या महिन्यांनी तपासणी, म्हणजे 40 असेल तर दर 4 महिन्यांनी. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा किडनी पटकन बिघडते, अशा वेळी वाट बघू नका, फोन करा.

वॉरफरिनवाल्यांसाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारी रक्त तपासणी, हाच आरसा. एएफमध्ये बहुतेकांचं लक्ष्य 2 ते 3 (धातूच्या झडपेला कधी जास्त, ते डॉक्टर सांगतील). 2 च्या खाली गुठळीचा धोका, 3 च्या बराच वर गेलं की रक्तस्रावाचा. डोस बदलल्यावर परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात त्यामुळे आज वाढवला आणि उद्या तपासला याला अर्थ नाही. हिरव्या पालेभाज्यांबद्दल लोकांना उगाच घाबरवतात, व्हिटॅमिन के त्यात असतं हे खरं, पण त्या बंद करायच्या नाहीत, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या, अचानक खूप वाढवल्या किंवा एकदम सोडल्या तर आयएनआर हलतो. आयएनआर सतत वर-खाली होत असेल, तुमचा काही दोष नसताना, तर झडप बघून नवीन गोळीबद्दल विचारा.

कशासोबत घ्यायची नाही

अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, या सगळ्यात जास्त घात करतात कारण त्या औषध म्हणून कोणी मोजतच नाही. रक्त पातळ असताना त्या घेतल्या की पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखलं तर पॅरासिटामॉल बरं, पण वॉरफरिनवर तेही रोज जास्त डोसमध्ये चालू असेल तर आयएनआर वर जातो. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं, विशेषतः फ्लुकोनाझोल, वॉरफरिनचा परिणाम वाढवतात, ठोक्यांसाठी दिलेलं अ‍ॅमिओडॅरोन पण वाढवतं. उलट टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं नवीन गोळ्यांचा परिणाम पाडतात, म्हणजे गोळी रोज घेऊनही संरक्षण कमी. झाडपाल्याची औषधं, पुड्या, सप्लिमेंट, जे काय घेत असाल ते डॉक्टरांना सांगा, ते काय म्हणतील म्हणून लपवू नका.

दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय, कोलोनोस्कोपी आहे, तर आपल्या मनाने आठवडाभर आधी गोळी बंद करायची नाही. एखादा दात काढायला किंवा मोतीबिंदूला बऱ्याचदा बंद करावीच लागत नाही, मोठ्या ऑपरेशनला नवीन गोळी साधारण एक ते तीन दिवस आधी थांबवतात, किडनी बघून. ऑपरेशन करणारे आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांचं बोलणं झालंय ना हे आपण बघायचं, आणि बंद करायची तारीख विचारताना परत चालू करायची तारीख पण विचारायची. दुसरी तारीखच जास्त महत्त्वाची, बऱ्याच गोळ्या ऑपरेशननंतर परत सुरूच होत नाहीत.

रक्तस्रावाची भीती

ही भीती खरी आहे, तिला खोटं म्हणून उडवून लावणार नाही. बाबांची गोळी बंद करण्यामागे आमचीही हीच भीती होती, ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं होतं. आता कळतं की हिरडीतलं थोडं रक्त, नाकातून एखादा थेंब, कातडीवर निळे डाग, हे त्रासदायक असलं तरी बहुतेक वेळा जीवघेणं नसतं, मऊ ब्रश आणा, दातांच्या डॉक्टरांकडे जा, पुढच्या भेटीत सांगा. स्ट्रोकने गेलेला हात मात्र परत येईलच असं नाही. दोन्ही धोके एका तराजूत घालताना हे लक्षात असू दे.

ताबडतोब दवाखान्यात जायचं कधी, तर शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवीत रक्त, रक्ताची उलटी, नाकातलं रक्त पंधरा मिनिटं दाबून ठेवूनही थांबेना, अचानक भयंकर डोकेदुखी, किंवा डोक्यावर पडलात तर, अगदी काही वाटत नसलं तरी जा.

"पडतात ते सारखे, म्हणून गोळी नको" हे पण फार ऐकू येतं. 1999 मध्ये काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं, वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा पडण्याचा धोका जास्त ठरायला माणसाने वर्षात जवळजवळ 295 वेळा पडायला हवं. आकडा गणितातून आलेला आहे, प्रत्येकाला तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते. गोळी काढण्यापेक्षा पडण्याची कारणं काढा, बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री पायाशी लाईट, नीट चष्मा, चक्कर आणणाऱ्या औषधांचा आढावा. रक्तस्रावाचा धोका काढायला पण डॉक्टरांकडे स्कोअर असतो, तो जास्त आला म्हणजे गोळी द्यायची नाही असा त्याचा अर्थ नसून कुठल्या गोष्टी सुधारता येतील त्या शोधायच्या, वाढलेलं बीपी, दारू, दुखण्याच्या गोळ्या, उगाच चालू असलेली ॲस्पिरिन.

यातलं बीपी तर सगळ्यांचा बाप. ते वाढलेलं असेल तर गुठळीचा स्ट्रोक पण वाढतो आणि मेंदूतला रक्तस्राव पण, म्हणजे बीपी आटोक्यात आणलं की दोन्हीकडून फायदा. साधारण 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात, चक्कर येत नसेल तर. एएफमध्ये ठोके अनियमित म्हणून मशीनचा आकडा दर वेळी वेगळा येतो, तीन वेळा घेऊन सरासरी धरा. वजन जास्त असेल तर उतरवा, दारू सोडा, 2020 च्या एका अभ्यासात नियमित पिणाऱ्यांनी दारू बंद केल्यावर एएफ परत येणं कमी झालं होतं. सिगारेट तर नकोच. आणि रात्री जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, ते नजरेतून सुटलेलं दुखणं एएफला खतपाणी घालतं.

ज्यांना गोळी खरंच चालत नाही, मेंदूत रक्तस्राव होऊन गेलाय, पोटातून वारंवार रक्त जातंय, त्यांच्यासाठी ती पिशवी आतूनच बंद करायची सोय आहे. मांडीच्या शिरेतून नळी घालून पिशवीच्या तोंडाशी छोटं झाकण बसवतात. ते बसवल्यावर पण काही काळ औषध लागतं, आणि ज्याला गोळी नीट चालते त्याने फक्त कंटाळा आला म्हणून हा रस्ता धरावा असं मला वाटत नाही. कोणाचं बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन होणारच असेल आणि एएफ असेल, तर त्याच वेळी पिशवी बंद करता येते, 2021 च्या मोठ्या अभ्यासात त्याने स्ट्रोक सुमारे एक तृतीयांशने कमी झाले, पण त्यातल्या बहुतेकांच्या गोळ्या चालूच होत्या. अ‍ॅब्लेशनचं (नळी घालून ठोके बिघडवणारा हृदयाचा भाग निकामी करण्याचं) पण तसंच, ते झाल्यावर निदान दोन महिने गोळी हवीच, पुढे चालू ठेवायची का ते ठोके नीट झाले का यावर नाही, तुमच्या चॅड्स-व्हॅस्कवर ठरतं.

इतकं करूनही झालंच तर

गोळ्या धोका खूप कमी करतात, शून्य करत नाहीत. म्हणून घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांना पण, ही लक्षणं पाठ हवीत. अचानक तोल गेला, अचानक एका डोळ्याने दिसेना किंवा दोन दिसायला लागले, हसायला सांगितलं तर चेहरा एका बाजूला ओढला गेला, दोन्ही हात वर करायला सांगितले तर एक खाली आला, बोलणं अडखळलं किंवा भलतंच बोलायला लागले. यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. मोठ्या रक्तवाहिनीच्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात असा अंदाज आहे, त्यामुळे पाच मिनिटं पडून बघू, मालिश करून बघू असं काही नाही. खायला-प्यायला द्यायचं नाही, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. घरची ॲस्पिरिन तर अजिबात नाही, स्कॅन केल्याशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव हे कोणालाच कळत नाही. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार असलेल्या हॉस्पिटलमध्येच थेट जा, आणि असं हॉस्पिटल कुठलं ते आजच शोधून ठेवा. लक्षणं आपोआप गेली तरी जा, बाबांसारखी.

तिथे पहिले दोन प्रश्न विचारतात, शेवटचं नीट कधी होते आणि रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि नवीन गोळी गेल्या 48 तासांत घेतली असेल तर सहसा ते देत नाहीत, मग नळी घालून गुठळी बाहेर काढायचा पर्याय बघतात, तो काहींना 24 तासांपर्यंत करता येतो. घाबरलेल्या माणसाला ही उत्तरं देता येत नाहीत, मला त्या दिवशी आली नव्हती. म्हणून आता आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद आहे, तसाच एक बाबांच्या पाकिटात आणि फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. त्यावर लिहिलंय एएफ आहे, गोळीचं नाव, डोस, सकाळ-संध्याकाळची वेळ, शेवटचं क्रिएटिनिन आणि त्याची तारीख, वजन, बाकीची औषधं, डॉक्टरांचा नंबर. शेवटची गोळी कधी घेतली ते स्ट्रिपवरच्या तारखेवरून कळतं, म्हणून निघताना स्ट्रिप पण सोबत घ्यायची.